आपली आवड

गेल्या फेब्रुवारीत मराठी भाषा गौरव दिनानिमित्त आमच्या महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळाने भित्तिपत्रक काढले. विद्यार्थ्यांनी विषय निवडला होता 'प्राध्यापकांच्या आवडी'. प्रत्येकाने पुस्तके, संगीत आणि चित्रपट मिळून दहा नावे द्यायची, एवढेच काम होते. आम्ही दोघे एकाच विषयाचे, एकाच विभागातले आणि एकाच घरातले. तेव्हा दोघांची मिळून एकच यादी द्यावी, असे ठरले. घरात भाजीत गूळ किती घालावा इथपासून नेमाड्यांची कोणती कादंबरी श्रेष्ठ इथपर्यंत आमचे कशावरही एकमत होत नाही. ही यादी मात्र पाऊण तासात, एकही वाद न होता तयार झाली. खरे तर तेव्हाच आम्हांला संशय यायला हवा होता.

यादी अशी होती. पुस्तकांत लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', नेमाड्यांची 'कोसला', दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' आणि दया पवारांचे 'बलुतं'. संगीतात कुमार गंधर्वांची निर्गुणी भजने, मल्लिकार्जुन मन्सूर आणि बेगम अख्तर. चित्रपटांत 'पथेर पांचाली', 'बायसिकल थीव्ज' आणि 'सामना'. मोजून दहा. यांतले एकही नाव आज मागे घ्यावे, असे आम्हांला वाटत नाही. पुण्याच्या कोणत्याही मराठी विभागातल्या कोणत्याही प्राध्यापकाने हीच यादी दिली असती, हेही तितकेच खरे.

भित्तिपत्रकासमोर गर्दी होती, तेव्हा द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी यादी शेवटपर्यंत वाचून आमच्याकडे वळली आणि म्हणाली, "सर, मॅडम, यात तुम्हाला लहानपणी आवडलेलं कोणतं?"

प्रश्नात खोच नव्हती. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. आम्ही एकमेकांकडे पाहिले. दहांपैकी एकही नाव आमच्या वयाच्या विशीअगोदरचे नव्हते. आमची आवड जणू पुणे विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश घेतल्या दिवशी, प्रवेशपत्राबरोबरच आम्हांला मिळाली होती. आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले आणि तासाला निघून गेलो. त्या दिवशी संध्याकाळी, चहा घेताना, आमच्यापैकी एकाने एक गोष्ट सांगितली. लग्नाला अठरा वर्षे झाली असूनही ती दुसरीला ठाऊक नव्हती.

आमच्यापैकी एक संगमनेरचा आणि दुसरी पुण्याच्या नारायण पेठेतली. संगमनेरच्या घरात आई विड्या वळत असे. या गावाला विडी आणि तंबाखूच्या धंद्याने कित्येक पिढ्या पोसले आहे. मांडीवर सूप, सुपात जर्दा, भिजवून कापलेली पाने, दोऱ्याचे रीळ आणि कोनाड्यात रेडिओ, अशी आईची बैठक असे. मजुरी हजार विड्यांमागे मिळायची. त्यामुळे दिवस तासांनी मोजला जात नसे, तो विड्यांनी मोजला जाई. रेडिओ तेवढा तासांनी चाले. त्यावर 'आपली आवड' लागे. पत्राने कळवलेली मराठी गाणी आणि कळवणाऱ्यांची नावे गावांसह वाचून दाखवणारा आकाशवाणीचा हा कार्यक्रम जुन्या वाचकांना आठवत असेल. नावांची ती लांबलचक माळ हीच त्याची खरी गंमत होती. गाणे तीन मिनिटांचे आणि नावे दीड मिनिटाची. कधीही न पाहिलेली गावे त्या नावांमधून घरात येत.

आईला एकदा वाटले की आपलेही नाव यावे. साल १९९१. तिने सातवीतल्या मुलाला पंधरा पैशांचे पोस्टकार्ड आणायला सांगितले आणि 'पिंजरा'तली एक लावणी लिहायला सांगितली. मुलाने कार्ड लिहिले. नाव लिहिले, गाव लिहिले, तालुका आणि जिल्हाही लिहिला. गाण्यापाशी मात्र त्याचा हात अडला. शाळेत नुकतीच वक्तृत्व स्पर्धा झाली होती आणि मराठीच्या गुरुजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. रेडिओवर आपल्या आईचे, म्हणजे पर्यायाने आपले, नाव तमाशाच्या गाण्याला जोडून गावभर ऐकले जाणार, ही कल्पना त्याला सहन होईना. त्याने लावणीच्या जागी एक भावगीत लिहिले. संथ चालीचे, शुद्ध भाषेचे, गुरुजींनाही आवडले असते असे. आईला वाचता येत होते ते जेमतेम. तिने कार्ड हातात घेऊन आपले नाव तेवढे पाहिले.

दीडेक महिन्याने नाव लागले. आईचे नाव, मग संगमनेर, आणि पाठोपाठ ते भावगीत. शेजारच्या दोघीतिघी मुद्दाम येऊन बसल्या होत्या. मुलगा दारात उभा होता. आईने त्याच्याकडे एकदा पाहिले. पुढे गाणे संपेपर्यंत ती काही बोलली नाही. संपल्यावर म्हणाली, "हे बी चांगलंय."

गोष्ट एवढीच. आमच्यातल्या एकाने ती चौतीस वर्षे मनात ठेवली आणि दुसरीने ती ऐकून पहिला प्रश्न असा विचारला, "पुन्हा कधी कार्ड लिहिलं?" पुन्हा लिहिले नव्हते. आईने सांगितलेच नव्हते.

मराठीत यासाठी दोन शब्द आहेत, आवड आणि अभिरुची. वर्गात आम्ही दुसरा वापरतो. १९४३ साली पुरुषोत्तम आत्माराम चित्रे यांनी बडोद्याहून मासिक काढले, त्याला नाव दिले 'अभिरुची'. वाङ्मयाच्या इतिहासात त्या नावाला मान आहे आणि तो योग्यच आहे. आकाशवाणीने मात्र आपल्या कार्यक्रमाला 'आपली अभिरुची' असे नाव दिले नाही. आवड असते, लागते, जडते. अभिरुची घडवावी लागते, घडवणारा कोणीतरी लागतो. सुसंस्कृत, अभिजात, उच्च ही विशेषणे अभिरुचीलाच लागतात. आवडीला फार तर 'भलती' हे एकच विशेषण लागते. सातवीतल्या त्या मुलाने कार्डावर आवड खोडून अभिरुची लिहिली होती, असे आज आम्हांला म्हणता येते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू याने १९७९ च्या आपल्या ग्रंथात हेच तर मांडले आहे. माणूस वस्तूंची प्रतवारी लावतो तेव्हा त्याची स्वतःचीही प्रत लागत असते. आम्ही बोर्द्यू शिकवतो. पण आपल्या घरातले पोस्टकार्ड त्याच्या शेजारी ठेवून पाहावे, हे आम्हांला एका विद्यार्थिनीच्या प्रश्नापर्यंत सुचले नव्हते.

आणि हे पोस्टकार्ड आमच्या गावाला नवे नाही. संगमनेरचा सर्वांत मोठा कवी अनंत फंदी (१७४४ ते १८१९). आडनाव घोलप. गावातल्या मलिक फंदी नावाच्या फकिराशी त्याची दाट मैत्री होती, म्हणून लोक त्यालाही फंदी म्हणू लागले, अशी हकिकत सांगतात. एका ब्राह्मण शाहिराने फकिराचे नाव आयुष्यभर मिरवले, ही आम्हांला या गावातली फार मोठी गोष्ट वाटते. हा अनंत फंदी तमाशात कवने करी, डफावर गाई. पुढे अहिल्याबाई होळकरांनी त्याला उपदेश केला की ब्राह्मणाने तमाशा करणे शोभत नाही. त्याने तमाशाचा नाद सोडला आणि तो कीर्तनाकडे वळला, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. आता तर आमच्या जिल्ह्यालाच २०२४ पासून अहिल्यादेवींचे नाव आहे. फंदीच्या नावाने गावात व्याख्यानमाला चालते. आम्ही तिला दरवर्षी जातो. पाठ्यपुस्तकात त्याचा उपदेशपर फटका असतो आणि आम्ही तो शिकवतो. ज्याच्यासाठी रात्र रात्र माणसे जमली, त्या त्याच्या लावण्या आम्ही 'शृंगारिक रचनाही केल्या' अशा एका वाक्यात संपवतो. म्हणजे उपदेश अहिल्याबाईंनी एकदाच केला, आम्ही तो दरवर्षी, प्रत्येक तुकडीला करतो.

पुणे-नाशिक रस्त्यावर, गावापासून थोड्याच अंतरावर हिवरगाव पावसा आहे. आता हे नाव टोलनाक्यामुळे प्रवाशांच्या तोंडी असते. एके काळी ते पवळेमुळे होते. पवळा हिवरगावकर ही तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेल्या पहिल्या स्त्रियांमधली गणली जाते. पठ्ठे बापूराव (१८६६ ते १९४५), म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, यांची लेखणी आणि पवळेची अदाकारी या जोडीने मुंबईपर्यंत नाव गाजवले. तो ब्राह्मण आणि ती महार. त्याला जातीने बाहेर टाकले. तिला तर जातीने आत कधी घेतलेच नव्हते. बापूरावांवर १९५० साली चित्रपट निघाला. वाङ्मयेतिहासात शाहीर म्हणून त्यांना परिच्छेद मिळतो. पवळा त्या परिच्छेदातले एक वाक्य असते.

इथवर आल्यावर मनात येते की आता यादी फाडावी आणि लावणीचा झेंडा खांद्यावर घ्यावा. आमच्यातल्या एकाला त्या संध्याकाळी तसे वाटलेही. दुसरीने त्याला अडवले. तिने आठवण करून दिली ती महाडच्या सत्याग्रहाच्या काळातल्या प्रसंगाची. पठ्ठे बापूरावांनी आपल्या खेळांचे उत्पन्न सत्याग्रहाच्या निधीला देऊ केले. बाबासाहेब आंबेडकरांनी ते घेण्यास नकार दिला. आपल्याच समाजातल्या बायका नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता. म्हणजे तमाशाला 'नको' म्हणणारे सगळे पेठेतलेच नव्हते. एका नकारात सोवळेपण होते, दुसऱ्यात स्वाभिमान होता. दोन्ही नकार वरून सारखे दिसतात. आपल्या आवडीमागे कोणाची लाज आहे हे शोधताना त्या आवडीची किंमत कोणी मोजली हेही शोधावे लागते. 'बलुतं' आमच्या यादीत आहे. १९७८ सालचे ते पुस्तक प्रवरेच्याच वरच्या अंगाच्या अकोले तालुक्यातल्या धामणगावच्या माणसाने लिहिले. ते वाचूनही लोककलेचे भाबडे कौतुक करणाऱ्याने ते वाचलेच नाही, असे म्हणावे लागेल. पवळेला तिच्या कलेतून काय मिळाले आणि काय द्यावे लागले, याचा हिशेब तिने स्वतः लिहून ठेवलेला नाही. तो आम्ही तिच्या वतीने लिहू नये.

असो. मुद्दा यादीचा होता. त्या रात्री आम्ही 'पिंजरा' पुन्हा पाहिला. एकाने लहानपणी यात्रेच्या पडद्यावर पाहिला होता. दुसरीने तो पूर्वी पाहिलाच नव्हता, कारण घरात 'तसले' सिनेमे नव्हते. १९७२ सालचा व्ही. शांतारामांचा हा चित्रपट. पटकथा अनंत माने यांची, संवाद शंकर पाटलांचे, गाणी जगदीश खेबूडकरांची, संगीत राम कदमांचे. मुळात जर्मन चित्रपट 'द ब्लू एंजल' (१९३०) आणि त्याच्याही मागे हाइनरिश मान याची कादंबरी. एका आदर्श मास्तरची आणि तमाशातल्या नर्तकीची गोष्ट. मास्तरला तिची ओढ लागते. गावातला आपला आदर्श टिकावा म्हणून तो स्वतः मेल्याचा बनाव रचतो आणि शेवटी स्वतःच्याच खुनाच्या आरोपावरून फाशी जातो, पण मीच मास्तर असे सांगत नाही.

पाहून झाल्यावर आम्ही बराच वेळ गप्प होतो. श्रीराम लागू आणि निळू फुले. हेच दोघे आमच्या यादीतल्या 'सामना'त आहेत. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला, १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गेलेला 'सामना'. त्यातही लागूंना सगळे मास्तरच म्हणतात. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या टापूत राहणाऱ्याला 'सामना' का भिडतो, हे सांगायला नको. आमच्याकडचे हिंदुराव पाटील आम्ही चित्रपटाआधीच ओळखत होतो. ती आवड आमची स्वतःची आहे आणि खरी आहे. पण तीन वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन मास्तरांपैकी एकाला आम्ही यादीत घेतले आणि दुसऱ्याला घेतले नाही. पहिला सत्तेला प्रश्न विचारणारा, दुसरा ढोलकीवर भाळणारा. प्राध्यापकाला आरशात कोणता मास्तर पाहायला आवडेल, हे उघड आहे. वास्तविक आमच्या व्यवसायाची व्यथा दुसऱ्यात अधिक आहे. आदर्श टिकावा म्हणून आपल्या आवडीचे प्रेत आपणच जाळायचे आणि पुढे कोणी विचारले तर ओळख द्यायची नाही.

याचा अर्थ कुमार गंधर्व आमचे नाहीत, असा नाही. ते आम्हांला वसतिगृहातल्या एका मित्राच्या कॅसेटमधून भेटले. पहिल्यांदा ऐकले तेव्हा काही कळले नाही. आवडल्याचे सोंग केले, हेही कबूल करू. सोंग वर्षभर चालले. मग एका पहाटे, परीक्षेच्या दिवसांत, ते निर्गुणी भजन सुरू झाले आणि आतून काहीतरी हलले. त्यानंतर ते सोंग उरले नाही. मिळवलेली आवड खोटी नसते. भाकरी जन्मतः आवडते आणि कॉफी सवयीने आवडते, म्हणून कॉफी पिणारा ढोंगी ठरत नाही. लक्ष्मीबाईंचे पुस्तक दुसरीने बारावीत सक्तीने वाचले होते. मुळेकाठच्या राहुरीतला तो संसार तिला खरा कळला तो मात्र या जिल्ह्यात सून म्हणून आल्यावर, स्वयंपाकघरात एकटीने हसताना. शिक्षण आवड वाढवते, यावर आमचा विश्वास आहे. तो नसेल तर आम्ही पगार कशाचा घेतो? प्रश्न नवे आवडले याचा नाही. नवे आवडले की जुन्याचे नाव कार्डावरून खोडायलाच हवे होते का, एवढाच आहे.

आई आता पंच्याहत्तरीला आली आहे. विड्या वळणे केव्हाच थांबले. बोटांना मात्र सवय आहे. बोलता बोलता ती पदराचे टोक वळत असते. आम्ही लग्नानंतर तिला टेपरेकॉर्डर घेऊन दिला होता आणि सोबत भीमसेन जोशींचे अभंग, किशोरीताईंच्या कॅसेट. ती त्या ऐके. कौतुकही करी. आम्हांला वाटे, आईला चांगले ऐकायची गोडी लागली. तिला काय हवे, हे आम्ही तेव्हाही विचारले नव्हते.

यंदाच्या पाडव्याला विचारले. आधी कार्डाची गोष्ट कबूल केली. ती हसली. "मला तवाच कळलं होतं," म्हणाली. "नाव वाचल्यावर गाणं लागलं, तर ते आपलं न्हाई हे कळायला काय शिकायला लागतं?"

मग दुसरीने विचारले, "आई, तुम्हाला ती लावणीच का हवी होती?" आमची अपेक्षा होती की ती चित्रपटाविषयी काही सांगेल, तरुणपणातल्या एखाद्या यात्रेविषयी, नारायणगावच्या एखाद्या फडाविषयी. रसिकतेची एखादी दडलेली कहाणी निघेल, अशी आम्हां दोन मराठीच्या प्राध्यापकांची आशा होती.

आई म्हणाली, "अगं, तिच्या ढोलकीवर हात पळायचा. पान घेतलं, जर्दा घातला, वळलं, दोरा गुंडाळला, सगळं ठेक्यात. ते गाणं लागलं की दोन बंडलं जास्त व्हायची."

आम्ही हे लिहून ठेवले. लयीवर आम्ही आजवर बरेच वाचले आणि शिकवले. जात्यावरच्या ओवीची लय जात्याच्या फेऱ्यातून आली, हे तर पहिल्या वर्षाच्या मुलांनाही सांगतो. विडीच्या सुपावरही तशीच लय असू शकते आणि ती एका चित्रपटातल्या ढोलकीकडून उसनी घेतलेली असू शकते, हे आमच्या घरातच घडत असून आम्हांला दिसले नव्हते.

"आणि ते भावगीत लागलं तेव्हा?" एकाने विचारले. चौतीस वर्षे विचारायचे राहिलेले ते हेच असावे.

आईने पदर वळायचे थांबवले. म्हणाली, "त्याला हात थांबला."

एवढे बोलून ती उठली आणि आत गेली.

या तीन शब्दांवर आमचे अजून एकमत झालेले नाही. एकाचे म्हणणे असे की ही तक्रार आहे. हात थांबला म्हणजे विड्या कमी भरल्या, म्हणजे मुलाच्या अभिरुचीची किंमत त्या दिवशी आईच्या मजुरीतून गेली. दुसरीचे म्हणणे असे की ही दाद आहे. सगळे आयुष्य ज्या बाईचा हात थांबला नाही, तिचा तो एका गाण्याला थांबला. दोघेही आपापल्या मुद्द्याला आधार देतो आणि दोघांनाही आतून ठाऊक आहे की तिला पुन्हा विचारले तर ती "हे बी चांगलंय" एवढेच म्हणेल.

पुढच्या फेब्रुवारीत भित्तिपत्रक पुन्हा निघेल. आम्ही यादी अकरा नावांची करणार आहोत. दहा आहेत तीच राहतील. अकरावे नाव त्या लावणीचे, आईच्या नावासह आणि गावासह. विद्यार्थिनीला तेवढे उत्तर आम्ही देणे लागतो.

कार्ड मात्र या वेळी आईला वाचून दाखवून मगच लावू.